अजगर आणि साकव

गेल्या शनिवार-रविवारी पायथनने भर वाडीत माझी लाज काढली. म्हणजे खरं तर मीच काढून घेतली. पण बग आपला आहे हे सिद्ध होईपर्यंत दोष भाषेचाच असतो, आपल्या धंद्यात हे चालतं.

तर झालं असं. आमचं घर लांज्यापासून पाचेक किलोमीटर आत. (लांजा नक्की कुठे आलं, असं दर वेळी विचारणाऱ्या पुण्याच्या मित्रांसाठी पुन्हा एकदा: मुंबई-गोवा महामार्गावर, रत्नागिरी आणि राजापूरच्या मधे. रेल्वेने यायचं तर आडवली नाहीतर विलवडे. आता परत विचारू नका.) आमची अर्धी वाडी रस्त्याच्या अलीकडे आणि अर्धी पऱ्याच्या पलीकडे. मे महिन्यात या पऱ्यात पोरं क्रिकेट खेळतात, आणि जुलैत त्याच्या आवाजाने रात्री झोप लागत नाही. मधे एक साकव आहे. गेल्या पावसात त्याचा एका बाजूचा आधार खचला. यंदा पाऊस लागायच्या आत तो नीट करायचा, घरटी १००१ रुपये वर्गणी काढायची, असं वाडीच्या बैठकीत ठरलं. खजिनदार कोण, तर आमचे बाबा. ज्याचं अक्षर चांगलं तो खजिनदार, असा वाडीचा जुना नियम आहे.

बाबांकडे दोन याद्या होत्या. एक वाडीतल्या घरांची, जी त्यांनी स्वतः मोबाईलवर टाईप करून लॅपटॉपवर आणली होती. दुसरी मुंबईच्या मंडळींची. कोणी कोणाच्या नावाने किती पैसे जमा केले, अशी. दोन्ही एक्सेलमधे, दोन्ही मराठीत. रविवारी संध्याकाळी बैठक, आणि त्याआधी कोणाची बाकी आहे ते बाबांना हवं होतं. ते पट्टी ठेवून एकेक नाव जुळवत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, ठेवा ती पट्टी. दहा मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य ज्या ज्या वेळी माझ्या तोंडून निघालंय त्या त्या वेळी माझा वीकेंड गेलेला आहे.

स्क्रिप्ट मी पुण्यातच माझ्या मॅकवर लिहून आणली होती. बाबांच्या विंडोज लॅपटॉपवर पायथन टाकलं आणि आधी एक छोटी फाईल करून बघितली. नाव, गाव, पैसे असे तीन रकाने. नावं राम, सीता, लव, दशरथ आणि गावं लांजा, साटवली, वेरवली, विलवडे. मस्त चाललं. नवी फाईल तयार झाली, उघडून पाहिली तर मराठीही व्यवस्थित. मग खरी यादी दिली आणि दुसऱ्याच ओळीला आयडलच्या खिडकीत लाल अक्षरांचा सडा. युनिकोडडिकोडएरर. 'चारमॅप' कोडेकला ८डी हा बाइट वाचता येत नाही म्हणे.

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "लाल म्हणजे वाईट ना रे?"

या एररवर उपाय सगळ्यांना माहीत आहे. फाईल उघडताना एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहायचं आणि पुढे जायचं. मॅकवर ते न लिहिताही चालतं. विंडोजवर पायथन बराच काळ त्या मशीनचं स्थानिक एन्कोडिंग धरत आलंय, आणि ते बहुतेक वेळा सीपी१२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचं. (यूटीएफ-८ हाच डीफॉल्ट करायचं पीईपी ६८६ मधे ठरलंय, आवृत्ती ३.१५ पासून.) पण मला खटकलं ते वेगळंच. राम, सीता, लांजा, साटवली हेसुद्धा मराठीच होतं की! मग ते कसं चाललं?

खरं तर पुढे जायला हवं होतं, पण मी कागद-पेन घेऊन बसलोच. यूटीएफ-८ मधे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सीपी१२५२ त्यातला एकेक बाइट सुटा घेऊन त्याला एकेक अक्षर लावतं. त्याच्याकडे २५६ पैकी फक्त पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यांतला एखादा आला तरच ते ओरडतं. एरवी गप्प बसून कचरा वाचतं. आता गंमत बघा. आपल्या पाय मोडायच्या खुणेचा, म्हणजे हलन्ताचा, तिसरा बाइट नेमका ८डी. ऱ्हस्व उकाराचा ८१. ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे ज्या शब्दात जोडाक्षर किंवा पहिला उकार आहे तो आपटणार. मुंबई, पुणे, रत्नागिरी तिन्ही आपटतात, आणि लांजा, साटवली, वेरवली, विलवडे सुखरूप पार होतात. लव चालतो, कुश आपटतो!

आणि 'पार होतात' म्हणजे बरोबर वाचले जातात असं मुळीच नाही. 'लांजा'ची लांबी नीट वाचली तर ५ येते: ल, काना, अनुस्वार, ज, काना. बाबांच्या मशीनवर ती १५ आली. पायथनच्या पोटात लांजा नव्हतंच, डोक्यावर तिरक्या रेघा घेतलेल्या फिरंगी अक्षरांचा ढिगारा होता. लिहिताना तोच ढिगारा त्याच एन्कोडिंगने परत बाइट झाला आणि फाईल पुन्हा जशीच्या तशी मराठी दिसली. चुकीचं वाचलं, चुकीचंच लिहिलं, दोन चुका मिळून बरोबर! माझी चाचणी पास झाली होती कारण मी नकळत सगळे सोपे शब्द घेतले होते.

यावर मी स्वतःवर फारच खूश झालो. बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यादी कधी होईल?"

यूटीएफ-८ लिहिलं. आता कीएरर: 'नाव'. म्हणजे 'नाव' नावाचा रकानाच नाही म्हणे. समोर ढळढळीत दिसतोय, पहिलाच रकाना! हे मात्र दोन मिनिटांत ओळखलं, कारण याआधी ऑफिसात यावर पूर्ण एक दुपार घालवलेली आहे. एक्सेल जेव्हा यूटीएफ-८ सीएसव्ही देतं तेव्हा फाईलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतं, बीओएम म्हणतात तिला. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. मग तुमचं 'नाव' आणि त्याचं 'नाव' वेगळं. स्ट्रिप करूनही जात नाही, कारण पायथन तिला मोकळी जागा समजतच नाही. एन्कोडिंगच्या नावापुढे 'सिग' जोडलं की खूण आपोआप गळते.

पैशांच्या रकान्याचं मला टेन्शन होतं, कारण बाबा आकडे मराठीत लिहितात. तिथे पायथनने सुखद धक्का दिला. 'इंट'ला '१००१' असं देवनागरीत दिलं तरी त्याला कळतं! पण बाबा पडले जुन्या वळणाचे, त्यांनी '१००१/-' लिहिलेलं. कोणी मागाहून पुढे आकडे घुसवू नयेत म्हणून ती रेघ. चाळीस वर्षं पावत्या फाडलेल्या माणसाची सवय ती. पायथनने व्हॅल्यूएरर दिला, मी रेघ कापली.

साडेआठला यादी तयार. मिळाले इतके, बाकी इतकी, बाकीदारांची नावं अशी. बाबांनी वरवर नजर फिरवली, एका नावापाशी जरा थांबले, आणि म्हणाले, "हिची बाकी?" मी म्हटलं, "मुंबईच्या यादीत नाही ना नाव." ते काही बोलले नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी ती यादी वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'बाकी असलेल्यांनी उद्या बैठकीपूर्वी भरावी ही विनंती.'

मी अंगणात खाट टाकून झोपलो. बऱ्याच दिवसांनी चांदण्या वगैरे बघितल्या.

सकाळी सातला पडवीत बोलण्याचा आवाज आला म्हणून जाग आली. पऱ्यापलीकडच्या काकी आल्या होत्या. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही. फक्त एवढं सांगतो की त्यात 'कुऱ्हाड' शब्दात असतो तो 'ऱ्हा' आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे, घरात एकट्या, मुलगा डोंबिवलीला. हातातल्या पिशवीतून त्यांनी रुमालाची गाठ काढली, सोडली आणि पाचशेच्या दोन नोटा आणि एक रुपया बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, पावती द्या."

बाबा म्हणाले, "काकी, तुमच्या मुलाने मुंबईला भरले नाहीत काय?"

"भरले असं म्हणाला होता. आता कंपुटरात बाकी दाखवतंय म्हणजे नसतील भरले. शेजारच्या पोराने वाचून दाखवलं. रात्री फोन करून नको नको ते बोलले त्याला. आईशी खोटं बोलतोस म्हणून."

आणि मग माझ्याकडे वळून अगदी नेहमीच्या आवाजात, "कधी आलास रे? बारीक झालास."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आत जाऊन लॅपटॉप उघडला.

मुंबईची यादी उघडली. शोधायला काही लागलंच नाही. बाविसाव्या ओळीत काकींचं नाव, पुढे १००१. तीच अक्षरं, त्याच क्रमाने. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा या पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या यादीकडे, आणि म्हणाले, "दोन्ही सारखीच तर आहेत."

दोन्ही सारखीच होती. पायथनला विचारलं, सारखी आहेत का? फॉल्स. आडनावांची लांबी मोजली तर मुंबईकडचं एकाने जास्त. मग एकेक चिन्ह सुटं करून युनिकोडडेटाकडून प्रत्येकाचं अधिकृत नाव छापून घेतलं आणि मासा गळाला लागला. बाबांच्या मोबाईलने 'ऱ्हा' लिहिताना ऱ हे वेगळं अक्षर वापरलं होतं, मग हलन्त, मग ह. मुंबईच्या यादीत साधा र, हलन्त, त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग ह. पडद्यावर दोन्हींचा तोच अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा. 'कुऱ्हाड' एका पद्धतीने ७ चिन्हांचा शब्द, दुसऱ्या पद्धतीने ८ चिन्हांचा.

मुंबईची यादी मंडळाच्या एका जुन्या सभासदाने दोन हजारच्या दशकात कधीतरी केलेली. दर वर्षी तीच नावं कॉपी करून पुढे नवे आकडे टाकतात. आठवतंय का, तेव्हा आपण बरहा नाहीतर गमभन घेऊन मराठी टंकायचो? त्या काळच्या मराठी पानांवर हा झेडडब्ल्यूजेवाला अर्धा र ढिगाने सापडतो. यात चूक कोणाचीच नाही. युनिकोडच्या नियमांत दोन्हींना जागा आहे: ऱ वाली पद्धत आयएससीआयआय या भारतीय मानकाशी जुळणारी, आणि झेडडब्ल्यूजेवाली १९९६ च्या युनिकोड २.० शी सुसंगत राहावं म्हणून ठेवलेली. मराठीत या अर्ध्या र ची गरज वरचेवर पडते. म्हणजे हा खास आपला बग म्हणायचा.

मला वाटलं, नॉर्मलाइझ केलं की झालं. एनएफसी लावून बघितलं. फॉल्स. एनएफसी सुटा र आणि त्याखालचा नुक्ता जोडून ऱ करतं, पण या दोन पद्धतींना ते एक मानत नाही. मग घाईघाईत दुसरा उपाय: झेडडब्ल्यूजे दिसेल तिथे उडवून टाकायचं. एन्टर दाबणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे असं केलंस तर दऱ्याचं दर्या होईल ना?"

बरोब्बर! झेडडब्ल्यूजे काढलं की पापणी जाते आणि र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. आमचा अख्खा जिल्हा या दोन शब्दांच्या मधे वसलाय आणि मी एका ओळीत दोन्ही एक करायला निघालो होतो. शेवटी ते तीन चिन्हांचं गाठोडं, र-हलन्त-झेडडब्ल्यूजे, जसंच्या तसं शोधून त्याजागी ऱ-हलन्त घातलं. आधी दऱ्या-दर्यावर तपासलं, मग पऱ्यावर, मग यादीवर.

काकींबरोबर आणखी तीन घरं बाकीतून बाहेर आली. चौथे निघाले एक वकीलसाहेब. त्यांच्या नावाआधी 'ॲड.' असतं. त्यातला ॲ युनिकोडमधे स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मधे, आवृत्ती ५.१ ला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र ठेवायचे, आणि कितीतरी जण अजूनही ठेवतात. तेही दिसायला एकच, आतून वेगळं, आणि एनएफसी तिथेही हात वर करतं. वकीलसाहेबांनी पहाटेच बाबांना दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवून ठेवला होता. तो आम्ही पूर्ण ऐकला नाही.

इथवर सगळं तांत्रिक. पण खरी चूक ऱ ची नव्हतीच, हे मला स्क्रिप्ट वरून खाली परत वाचताना दिसलं. नाव शोधायची जी ओळ होती तिथे मी 'गेट' वापरलं होतं आणि न सापडल्यास शून्य घे असं सांगितलं होतं. आपण सगळेच लिहितो असं. कीएरर येत नाही, प्रोग्राम अडत नाही, कोड देखणा दिसतो. पण त्या एका शून्याने 'मला नाव सापडलं नाही' आणि 'या बाईने पैसे दिले नाहीत' या दोन गोष्टी एकच करून टाकल्या. सापडलं नव्हतं मला. बाकी मात्र काकींच्या नावावर लागली. सकाळी पायथनने 'रत्नागिरी'वर आरडाओरडा केला, 'नाव'वर केला, अगदी बाबांच्या '/-' वरसुद्धा केला. त्याला जेव्हा जेव्हा कळलं नाही तेव्हा तेव्हा तो तसं म्हणाला. जिथे बोलायलाच हवं होतं तिथे मी त्याचं तोंड आधीच बांधून ठेवलं होतं.

आणि बाबा रात्री थांबले होते. "हिची बाकी?" म्हणून. पट्टी लावून जुळवत असते तर 'हे नाव दिसत नाही, फोन करून विचारतो' असं म्हणून बाजूला खूण केली असती त्यांनी. गेली चाळीस वर्षं तेच तर करत आले.

दुपारी ती ओळ काढली. आता यादीचे तीन भाग होतात: मिळाले, बाकी, आणि 'जुळलं नाही, विचारा'. नाव वाडीच्या यादीत आहे आणि मुंबईच्या यादीत नाही, तर ते सरळ तिसऱ्या भागात जातं. बाकीमधे फक्त बाबा स्वतः हाताने नाव टाकू शकतात. आणि पुढच्या वर्षीपासून मुंबईच्या यादीतही घर नंबर. नावावर नाव जुळवणं हा मुळातलाच गाढवपणा होता, पण तो कबूल करायला मला ऱ पर्यंत जावं लागलं.

ग्रुपवर दुरुस्ती मी टाकली, बाबांना टाकू दिली नाही. 'कालच्या यादीत प्रोग्राममधल्या माझ्या चुकीमुळे पाच जणांची बाकी दिसली, ती नाही.' पाच अंगठे आले. पण काकींकडे व्हॉट्सॅप नाही. मग साकवावरून, म्हणजे साकवाखालून कोरड्या पऱ्यातून, पलीकडे गेलो. पैसे परत केले. त्यांना ऱ, झेडडब्ल्यूजे काय सांगणार? म्हटलं, "काकी, तुमच्या मुलाने भरले होते. मीच चुकलो."

त्या म्हणाल्या, "मग त्याला लाव फोन."

मी लावला. स्पीकरवर नव्हता, तरी पलीकडचा आवाज ऐकू येत होता. काकी बराच वेळ नुसतंच 'हां, हां' करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवलास काय?" एवढंच. फोन परत दिला आणि आत जाऊन करवंदांनी भरलेला एक डबा आणला. नको म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळची बैठक फार चालली नाही, पैसे पुरेसे जमलेत. रात्री बाबा मला पुण्याच्या गाडीवर सोडायला लांज्याला आले. गाडी पाऊण तास उशिरा. स्टँडवर ते काहीतरी फोनवर वाचत उभे होते. मी म्हटलं, "अजून काही जुळलं नाही का?"

"एक राहिलंय," म्हणाले. "पुण्याचा पत्ता आहे. पण ते 'जुळलं नाही'त नाही, मी स्वतः बाकीत टाकलंय."

फोन माझ्यापुढे धरला. माझंच नाव होतं. घाईघाईने तिथेच उभ्या उभ्या १००१ पाठवले. नावात ऱ नाही, ॲ नाही, उगाच एकदा मोजूनही बघितलं. बग नव्हता.